पांढरा उजेड निवडताना

स्टुडिओतले दिवे पिवळे पडलेत, असं मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत बसली होती. ती उठून आत आली, दोन्ही फ्लॅशकडे आणि त्यांच्यावरच्या पांढऱ्या छत्र्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले तर पहिल्यासारखेच दिसते." मग ती पुन्हा आपल्या कामाला लागली. मी मात्र त्या दिवसापासून दिव्यांच्या मागे लागलो.

आमचा स्टुडिओ मोहाडीत, बाजाराच्या रस्त्यावर, पाच-सहा पायऱ्या चढून उंच ओट्यावर आहे. पुढची खोली काउंटरची, मागची फोटो काढायची. तहसील कचेरी जवळ असल्यामुळे दाखल्यांचे आणि अर्जांचे पासपोर्ट फोटो रोजचेच. घर त्यावर चालायचं. पण माझा जीव लागतो तो मोठ्या फोटोत. एकट्या माणसाला खुर्चीवर बसवायचं, उजेड नीट लावायचा, त्याला बोलतं करायचं, आणि घरच्यांनी पाहताक्षणी म्हणावं की हो, हा असाच आहे, असा एक फोटो काढायचा. निवृत्त होणारे मास्तर, लग्न ठरलेल्या मुली, आईवडिलांना घेऊन येणारे नोकरदार लेक, असे लोक आजूबाजूच्या गावांतून त्यासाठी माझ्याकडे येत. आपल्याला चेहरा दिसतो, असा मला विश्वास होता. तो गर्वच होता, पण तेव्हा मी त्याला अनुभव म्हणत होतो.

फ्लॅशची काचेची नळी बरीच वर्षं वापरली की पिवळी पडते, छत्रीचं कापडही पडतं, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे मला दुसरी कसली शंका आली नाही. संगणकावर फोटो उघडला की पांढरा सदरा चहाचा डाग धुऊन काढल्यासारखा दिसायचा. मी छत्र्या बदलल्या. नळ्या बदलल्या. मागचा पडदा धुऊन घेतला. खोलीला नवा चुना मारला. चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. शिवाय उजेड कमी पडतोय असंही वाटायला लागलं. दिव्याभोवती धुरकट कडं दिसायचं, म्हणून मी काचा पुसत राहायचो. दिवस उजाडला की आधी फडकं हातात. बायको एकदा वैतागून म्हणाली, आता किती पुसाल, काच झिजून जाईल. मी तिच्यावर खेकसलो.

शेवटी नवे दिवे घ्यायचं ठरवलं आणि नागपूरला गेलो. तिथला दुकानदार माझ्याच वयाचा, वीस वर्षांपासून ओळखीचा. त्याने दोन प्रकारचं सामान समोर मांडलं. एकीकडे नवे फ्लॅश आणि दुसरीकडे सतत जळणारे एलईडी दिवे, त्यांच्यावर लावायला, उजेड मऊ करणारे मोठे चौकोनी कापडी सॉफ्टबॉक्स.

फ्लॅशची एक अडचण मला नेहमीच वाटत आली होती. क्षणभर लख्ख होतं आणि विझतं. त्या क्षणी चेहऱ्यावर काय पडलं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, नंतर फोटोतच कळतं. एलईडीचं तसं नाही. तो पेटून राहतो. नाकाची सावली कुठवर येते, डोळ्यांत चमक कुठे बसते, गळ्याखाली किती काळोख राहतो, सगळं समोर. आणि त्या दिव्यांच्या मागे रंगाचं एक गोल बटण होतं. डावीकडे फिरवलं की उजेड जुन्या बल्बसारखा पिवळा, उजवीकडे फिरवलं की पांढरा, आणखी फिरवलं की निळसर. मला हेच हवं होतं. डोळ्याला दिसेल तसं ठेवायचं आणि तसाच फोटो काढायचा.

दुकानदाराचं मत वेगळं होतं. पोर्ट्रेटचं काम असेल तर फ्लॅशच घ्या, असं तो म्हणत होता. फ्लॅशचा रंग कारखान्यातून ठरून येतो, आपल्या मर्जीवर राहत नाही, आणि तेच बरं असतं. शिवाय बसणाऱ्याच्या डोळ्यांवर सतत उजेडाचा मारा होत नाही. मी ऐकून घेतलं. मग त्याच्याच दुकानातल्या भिंतीवर एलईडी टाकून बटण फिरवत गेलो आणि मला पांढरं दिसलं तिथे थांबलो.

तो म्हणाला, "भाऊ, हा निळा झाला. थोडा मागे घ्या."

मी हसत म्हटलं, "तुम्ही विकता, मी वापरतो. मले रंग नका शिकवू."

तोही हसला. पण मागे घ्या असं परत म्हणाला नाही. दोन दिवे, दोन सॉफ्टबॉक्स आणि स्टँड बांधून त्याने मला ऑटोत बसवून दिलं. बसमध्ये खोके मांडीवर घेऊन बसलो होतो. खूप दिवसांनी मन शांत होतं.

नव्या दिव्यांत काम सुरू झालं आणि लोकांना ते आवडलं. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. निळसर, झगझगीत उजेडात काळासावळा चेहरा फिका पडतो आणि बघणाऱ्याला तो उजळ वाटतो. मुलीचे फोटो न्यायला आलेल्या आया खूश व्हायच्या. "गोरी आली जी," म्हणायच्या. मला वाटायचं, दिवे नीट निवडल्याचं हे फळ आहे. मोठे फोटो मी भंडाऱ्याच्या एका लॅबमध्ये छापून घ्यायचो. तिथल्या माणसाने एकदा फोन करून विचारलं की फोटो निळे येत आहेत, छापताना सुधारू का. मी त्याला सांगितलं, माझ्या फोटोच्या रंगाला हात लावायचा नाही, आहेत तसे छाप. त्याने तसं केलं. संगणकावर मला जे नीट दिसत होतं, ते कागदावरही नीटच दिसत होतं.

बायको सुरुवातीला बोलायची. "मले तर निळे दिसून राहिले," असं दोन-तीनदा म्हणाली. मी तिला पडद्यावर बोट ठेवून दाखवायचो, हे बघ, हे पांढरं, हे पांढरं. मग तिने बोलणं सोडलं. आमच्यात एरवी भांडण नव्हतं, पण या एका बाबतीत घरात अबोला बसला. ती गिऱ्हाईक बसवून द्यायची, केस-पदर नीट करायची आणि बाहेर जाऊन बसायची.

त्या वर्षीचे रोवणे आटोपले होते, म्हणजे धान लावून शेतं मोकळी झाली होती, तेव्हा जवळच्या गावातली एक म्हातारी आपल्या मुलीबरोबर आली. मुलगी चाळिशीची, लाखांदूरला सरकारी कचेरीत कारकून. आता मायला कायमचं तिकडे घेऊन जाणार होती, आणि जायच्या आधी गावच्या ओळखीच्या स्टुडिओत तिचा एक चांगला फोटो काढायचा होता. म्हातारी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आली होती. बुद्धविहारात जाताना नेसायची ती ठेवणीतली. अंग सुकलेलं, पण पाठ ताठ. जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत चिखलात वाकून रोवणे केलेली बाई.

मी दोन्ही दिवे जवळ ओढले. उजेड कमी पडतो असं मला वाटायचंच. तिने डोळे बारीक केले आणि पदराने पुसले. "बापू, डोयात लय जाते," ती म्हणाली. मी तिला दोन मिनिटं सोसायला सांगितलं. पाच-सहा फोटो वाया गेले, प्रत्येकात डोळे मिटलेले. मग माझ्या बायकोने तिला विचारलं की तुमच्या शेळ्या आता कोण सांभाळणार. म्हातारीने मान वळवली आणि उजेड विसरून सांगायला लागली, आणि त्या वेळी मी बटण दाबलं. तो फोटो चांगला होता. अजूनही म्हणतो, चेहऱ्यावरचा भाव पाहिला तर माझ्या हातून निघालेल्या उत्तम फोटोंपैकी तो एक आहे. ती कुणाला तरी काहीतरी समजावून सांगते आहे आणि पुढच्या क्षणी हसणार आहे.

त्या दोघी गेल्यावर मी फोटो संगणकावर लावला. बायको कितीतरी दिवसांनी मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, "हे बाई बिमार दिसते. आत्ता इथं बसली होती तं अशी नव्हती."

मी मागे न बघता म्हटलं, "तुले फोटोतलं काय समजते?"

ती बाहेर गेली. हे वाक्य मी बायकोला म्हटलं होतं, हे पुढे मला एका परक्या घरात बसून कबूल करावं लागणार होतं.

चारेक महिन्यांनी त्या मुलीचा लाखांदूरहून फोन आला. माय गेली होती. हृदयाचं दुखणं होतं, दवाखान्यात नेल्यावर दोनच दिवस राहिली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तोच फोटो मोठा करून हवा होता. मी लॅबमधून तो छापून आणला, फ्रेम केला, तिच्या नातेवाइकाच्या हाती दिला. देताना एकदा हातात धरून पाहिला आणि समाधान वाटलं.

पुढे उन्हाळ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. त्या आणि त्यांच्या चार सहकारी शिक्षिका एकत्र फोटो काढायला आल्या. पाचही जणींनी मुद्दाम एकसारख्या साड्या घेतल्या होत्या. फोटो तयार झाल्यावर मुख्याध्यापिका स्वतः न्यायला आल्या आणि पाकीट उघडून तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशीही त्यांनी तीच साडी नेसली होती. त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि आपला पदर त्याच्या शेजारी अंथरला.

"भाऊ, ही साडी बदामी आहे. तुम्ही आमच्या सगळ्यांच्या साड्या पांढऱ्या काहून करून टाकल्या?"

मी पाहिलं. मला पदर आणि फोटोतली साडी यांत काहीतरी फरक आहे इतकं जाणवलं, पण नेमकं काय ते कळेना. पदर बदामी आहे हेही त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. मला तो नुसता मळकट पिवळा दिसत होता, आणि पिवळं तर आताशा सगळंच दिसायचं. मी लॅबला दोष दिला. त्या ओरडल्या नाहीत. पण पाच बायका पांढऱ्या साड्यांत ओळीने बसलेल्या, आणि त्यांतल्या दोघींचे नवरे वारलेले, असा फोटो शाळेच्या भिंतीवर कसा लावायचा, असं त्यांनी विचारलं. फोटो तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

त्या गेल्यावर बायकोने काउंटरची फळी खाली पाडली आणि म्हणाली, चला. कुठे ते तिने सांगितलं नाही. भंडाऱ्याच्या बसमध्ये बसल्यावर सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाव तिने आठवड्यापूर्वीच लावून ठेवलं होतं, मला न्यायचं कसं तेवढंच तिला सुचत नव्हतं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं की पिवळं किती दिवसांपासून दिसतं. मी म्हटलं, मला पिवळं दिसत नाही, माझे दिवे पिवळे होते, ते मी बदलले. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, या खोलीच्या भिंतीचा रंग कोणता? मी चारही भिंती पाहून घेतल्या. विचार करून, धंद्याच्या सवयीने नेमका रंग सांगितला. सायीसारखा, थोडा पिवळ्याकडे झुकणारा.

डॉक्टर बाई माझ्या बायकोकडे बघायला लागल्या. बायको मान खाली घालून हळूच म्हणाली, "पांढरी आहे. पुरी पांढरी आहे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. साखरेच्या आजारामुळे लवकर आला होता आणि बराच पिकला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं, मग तपकिरी होतं, आणि निळा रंग आत पोचूच देत नाही. इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही, त्याला वाटतं जगच असं झालंय. ऑपरेशनने बरं होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं त्या म्हणत होत्या. मला ऑपरेशनची भीती वाटतच नव्हती. त्या बोलत असताना मी मनात फोटो मोजत होतो. दोन वर्षांतले चेहरे.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा दवाखान्यातली चादर इतकी पांढरी होती की मी नजर काढून घेतली. घरी आल्यावर मी एक खेळ करत बसलो, त्याला खेळ म्हणायचं तर. उजवा डोळा झाकला की खोली चहात बुडालेली. डावा झाकला की भिंत पांढरी, बायकोच्या हातातल्या बांगड्या हिरव्या, खिडकीबाहेरचं आकाश निळं. निळा हा रंग मी इतके दिवस विसरलो होतो, आणि विसरलोय हेही मला माहीत नव्हतं.

स्टुडिओत जायला मी आठ दिवस टाळलं. गेलो तेव्हा बायको बरोबर होती. संगणक सुरू केला, डावा डोळा हाताने झाकला आणि एकेक फोटो उघडत गेलो. लग्नाच्या मुली, निवृत्त पोस्टमन, बाळाला मांडीवर घेतलेली आजी. सगळ्यांच्या कातडीवर राखेचा हात फिरवल्यासारखा. ओठ जांभळे, नखं निळी, डोळ्यांखाली काळी छाया. काही चेहरे तर मेलेल्या माणसाचे असावेत तसे. मी काही वेळाने थांबलो. बायको म्हणाली, सगळे आजच पाहायची गरज नाही. एवढंच. हे मी सांगत होते, असं ती तेव्हाही म्हणाली नाही आणि नंतरही नाही. तिने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या म्हातारीचा फोटो मी मुद्दाम शेवटी उघडला.

मूळ फाइल होती. मी आणि बायकोने मिळून दोन दिवस ती सुधारली. मी रंग फिरवायचो, ती सांगायची. साडी आधी पांढरी केली, काठ निळा राहू दिला, मग चेहरा. "अजून तांबडा," ती म्हणायची, "उन्हातली बाई होती." ती पुरे म्हणेपर्यंत मी हात थांबवला नाही. नवा फोटो छापून, कापडात गुंडाळून, भंडाऱ्याला बस बदलून मी लाखांदूरला गेलो. फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर काय सांगायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

मुलीचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. बैठकीत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली मी काढलेला तो फोटो. त्याला कागदी फुलांचा हार. मी तो पहिल्यांदाच भिंतीवर पाहत होतो, आणि पहिल्यांदाच उजव्या डोळ्याने. इतका चांगला भाव आणि त्यावर तो रंग. मी खुर्चीवर बसलो. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. मी फोटोकडे बघतोय हे तिने पाहिलं असावं, कारण मी काही बोलायच्या आधी तीच बोलायला लागली.

"भाऊ, तुमच्या फोटोनंच मले समजलं."

मी विचारलं, काय समजलं.

ती म्हणाली की माय गेल्यावर फोटो आला, तेव्हा नात्यातली एक नर्स घरी होती. तिने फोटो पाहून विचारलं की हा कधीचा. ओठ निळे आहेत, नखं निळी आहेत, म्हणजे हृदयाचा त्रास तेव्हापासूनच असणार. त्या वेळीच दाखवलं असतं तर कदाचित बाई वाचली असती. नर्स सहज बोलून गेली. पण मुलगी तेव्हापासून रोज त्या फोटोकडे बघत होती.

"मी तिच्या बाजूलेच उभी होती नं," ती म्हणाली. "तिचे केस मीच विंचरले. तुमच्या कॅमेऱ्याले दिसलं आणि मले काहून नाही दिसलं?"

चहा उतू गेला, तिने उठून गॅस बंद केला, परत येऊन बसली. मी कापडात गुंडाळलेला फोटो हातात धरून होतो. बसमध्ये मी बरीच वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. मी सरळ सांगितलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला सगळं पिवळं दिसत होतं, म्हणून मी निळा उजेड टाकणारे दिवे घेतले आणि ते जास्तच निळे करून ठेवले. तो रंग मी टाकलेला आहे. फक्त तुमच्या मायचाच असा आला नाही, त्या दोन वर्षांतला माझा प्रत्येक फोटो असा आहे.

तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "म्हणजे माय त्या दिवशी चांगली होती?"

हो म्हणावं असं मला फार वाटलं. तिला तेवढंच हवं होतं आणि मला द्यायला काहीच लागत नव्हतं. पण हो म्हणायचं तर ज्या डोळ्यांवर विसंबून मी हे सगळं केलं होतं, त्यांचीच साक्ष पुन्हा काढावी लागली असती.

"मले माहीत नाही ताई," मी म्हटलं. "त्या दिवशी मले दिसतच नव्हतं."

"तुमच्या घरच्या बाईले तं दिसत होतं."

"दिसत होतं. फोटो पाहून ती मले म्हणाली होती की बाई बिमार दिसते, इथं बसली होती तेव्हा अशी नव्हती. तुले फोटोतलं काय समजते, असं मी तिले म्हटलं."

तिच्या चेहऱ्यावर राग आला तो मी पाहिला. रागावली तर बरं होईल असं मला वाटत होतं, पण तिने तो गिळला. मी कापड सोडून नवा फोटो पुढे केला. तिने तो खिडकीशी नेऊन पाहिला. तिथे उजेड चांगला होता. तांबूस काळा चेहरा, पांढरी साडी, हसण्याच्या बेतात आलेली बाई. मला वाटलं ती आता रडेल. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हाही तुम्ही अंदाजानंच केला असंल नं?"

मी सांगितलं की बायको शेजारी बसली होती, तिने सांगितलं तसा केला. ती हं म्हणाली. फोटो टेबलावर ठेवला, पालथा. जुना भिंतीवरून काढला नाही. मला चहा दिला, मी तो प्यालो आणि निघालो. दारापर्यंत ती आली नाही.

नंतर आम्ही बाकीच्यांना कळवायला सुरुवात केली. बायको फोन करायची, कारण माझं नाव ऐकून लोक गप्पांत शिरायचे आणि मला मुद्द्यावर यायला जमायचं नाही. फोटो बदलून देतो, पैसे नकोत, असं ती सांगायची. काही जण आले. शिक्षिकांचा फोटो सुधारून मी स्वतः शाळेत नेऊन दिला. मुख्याध्यापिका निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यापर्यंत तो पोचला की नाही ते कळलं नाही. बपेऱ्याच्या एका घरातून मात्र स्पष्ट नकार आला. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं आणि फोटो सासरी लावलेला होता. "गोरी दिसते त्याच्यात, राहू द्या तसाच," असं तिची आई म्हणाली. मी तो फोटो संगणकावर काढून पाहिला. ती मुलगी त्यात गोरी नव्हती, तापातून उठल्यासारखी होती. पण भिंत त्यांची होती.

दुसरा डोळा झाल्यावर मी पुन्हा नागपूरला गेलो. दुकानदाराने मागच्या वेळचं काही काढलं नाही. मीच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग आतून फ्लॅशची जोडी आणली आणि बोलत बसला, कोणती छत्री कशी, म्हाताऱ्या माणसांना कुठला उजेड सोसतो. या वेळी मी फक्त विचारत होतो. फ्लॅश घेतले. आता पहिल्या फोटोत बसणाऱ्याच्या हाती एक राखाडी कार्ड देतो. त्याच्यावरून रंग मोजता येतो, डोळ्यावर सोडावा लागत नाही. आणि फोटो संगणकावर लावला की आधी बायकोला बोलावतो. तिला ते फारसं आवडत नाही. आता तुम्हाला दिसते नं, म्हणते. पण येते.

एका दुपारी लाखांदूरहून फोन आला. मी उचलला. त्या ताईने माझी चौकशी केली नाही, घरच्या बाईला द्या म्हणाली. बायको फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेली. मला आतून फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं, तेही अर्धवट. हो. नाही. हसत होती न. नाही जी, अजिबात नाही. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती.

आत आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती.

"विचारत होती, त्या दिवशी माय कशी होती. थकलेली होती का, दम लागत होता का."

"मग?"

"मी म्हटलं, नाही. पायऱ्या चढून आली, चांगली बोलली, दोन वेळा चहा मागितला."

हे मला काहीच आठवत नव्हतं. मी त्या दिवशी दिव्यांत गुंतलो होतो. मी विचारलं, "खरंच दम नव्हता लागत?"

बायको फोन चार्जिंगला लावत होती. तिने वायर नीट केली, बटण दाबलं, आणि म्हणाली, "पोरगी पुढे आत आली होती, तेव्हा मधल्या पायरीवर बसली होती थोडी. छातीवर हात ठेवून."

"ते सांगितलं?"

"नाही," ती म्हणाली. बाहेर दोन माणसं पासपोर्ट फोटोसाठी थांबली होती. तिने त्यांना आत यायला सांगितलं.